प्रकल्प नोंदी : जुन्या बॅकअपमधून ब्राउझरचं प्रोफाइल परत उभं करणं

काम : विंडोज संगणकाची डिस्क निकामी झाली आहे. त्यावरचं फायरफॉक्सचं प्रोफाइल (ब्राउझर वापरकर्त्याचा सगळा डेटा ठेवतो ते फोल्डर) बॅकअपमधून काढून उबुंटूच्या नव्या संगणकावर बसवायचं. बुकमार्क, पासवर्ड, इतिहास, एक्स्टेन्शनांचा डेटा आणि उघडे टॅब हवे आहेत. त्याच बॅकअपमध्ये क्रोमचंही एक प्रोफाइल आहे, त्यातून जे निघेल ते काढायचं.

३ फेब्रुवारी

बॅकअपचे दोन संच हाती आले, एक २६ जानेवारीचा आणि एक १ फेब्रुवारीचा. दोन्ही फक्त-वाचनीय करून ठेवले, प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल बदलली तर बदलणारा ठसा) काढून यादी केली आणि पुढचं सगळं काम वेगळ्या प्रतीवर करायचं ठरवलं. फायरफॉक्स सुरू होताच प्रोफाइलमधल्या अनेक फाइली नव्याने लिहितो. मूळ बॅकअपवर त्याला एकदा जरी चालवलं, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची सोय उरत नाही.

संच घेताना ब्राउझर चालू होता की बंद, हे आधी ठरवायला हवं. पॅरेंट.लॉक या फाइलवरून ते कळत नाही, कारण विंडोजवर ती ब्राउझर बंद केल्यावरही तिथेच राहते. भरवशाच्या खुणा दोन. ब्राउझर नीट बंद झाला असेल तर प्रोफाइलच्या मुळाशी सेशनस्टोअर.जेसनएलझेड४ असते आणि डेटाबेसांजवळ ‘-वॉल’ने संपणाऱ्या फाइली (ताज्या बदलांचा तात्पुरता साठा) नसतात. चालू असेल तर मुळाशी सेशनस्टोअर नसते, सेशनस्टोअर-बॅकअप्समध्ये रिकव्हरी.जेसनएलझेड४ असते आणि वॉल फाइली भरलेल्या दिसतात. या कसोटीवर २६ जानेवारीचा संच बंद अवस्थेतला ठरला आणि १ फेब्रुवारीचा चालू अवस्थेतला. म्हणजे जुना संच स्वच्छ आहे आणि नवा संशयास्पद.

प्रोफाइल्स फोल्डरात दोन प्रोफाइलं आहेत. एकाचं नाव ‘.डिफॉल्ट’ने संपतं, दुसऱ्याचं ‘.डिफॉल्ट-रिलीज’ने. २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सच्या प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल मिळतं, म्हणून ही जोडी बऱ्याच संगणकांवर सापडते. खरं प्रोफाइल कोणतं, ते इन्स्टॉल्स.आयएनआयमधली डिफॉल्टची ओळ सांगते. प्लेसेस.एसक्यूलाइटचा आकार आणि तारीख पाहून खात्री केली. डिफॉल्ट-रिलीजच खरं, दुसरं जवळपास रिकामं.

अ‍ॅपडेटातल्या रोमिंगखालचं फोल्डर घेतलं. लोकलखालच्या त्याच नावाच्या फोल्डरात कॅशे (पाहिलेल्या पानांचा तात्पुरता साठा) असतो, तो लागत नाही. बॅकअप घेताना मात्र अनेकदा नेमकं हेच उलट होतं. लोकलचं फोल्डर आकाराने मोठं असतं, म्हणून महत्त्वाचं वाटतं.

४ फेब्रुवारी

आज डेटाबेस. सगळ्यांत आधी प्लेसेस.एसक्यूलाइट, कारण इतिहास आणि बुकमार्क दोन्ही तिच्यातच असतात.

२६ जानेवारीच्या प्रतीवर एसक्यूलाइटच्या (फायरफॉक्सच्या या फाइलींमागची डेटाबेस प्रणाली) कमांड लाइनवरून ‘प्राग्मा इंटिग्रिटी_चेक’ (डेटाबेस शाबूत आहे का याची तपासणी) चालवलं, उत्तर ‘ओके’. १ फेब्रुवारीच्या प्रतीवर तेच चालवल्यावर पानांच्या (डेटाबेस फाइलच्या तुकड्यांच्या) चुकांची लांबलचक यादी आली.

कारण नोंदवून ठेवतो, कारण चालू ब्राउझरचा बॅकअप घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भोगावं लागतं. एसक्यूलाइट वॉल पद्धतीत चालत असताना नवे बदल थेट मुख्य फाइलमध्ये जात नाहीत, ते शेजारच्या वॉल फाइलमध्ये साचतात. अधूनमधून चेकपॉइंट होतो, साचलेली पानं मुख्य फाइलमध्ये उतरतात आणि वॉल पुन्हा सुरुवातीपासून लिहिली जाऊ लागते. बॅकअप कार्यक्रमाने आधी मुख्य फाइल उचलली, मग चेकपॉइंट झाला आणि त्यानंतर वॉल उचलली गेली, तर मधली पानं कुठेच येत नाहीत. मुख्य फाइलच्या प्रतीत ती अजून उतरलेली नसतात, आणि वॉलमध्ये त्यांची जागा नव्या पानांनी घेतलेली असते. दोन्ही फाइली पूर्ण दिसतात, उघडतातही, पण एकमेकींशी जुळत नाहीत.

म्हणून एक नियम : वॉल फाइल असेल तर ती मुख्य फाइलसोबतच न्यायची. ‘तात्पुरती दिसते’ म्हणून ती पुसली, तर शेवटचे बदल तिच्याबरोबर जातात. ‘-एसएचएम’ फाइल (वॉलची सूची) मात्र सोडली तरी चालते, ती पुन्हा तयार होते.

बिघडलेल्या प्रतीवर एसक्यूलाइटची ‘.रिकव्हर’ ही आज्ञा चालवली (३.२९.० पासून उपलब्ध). मिळालेलं एसक्यूएल नव्या डेटाबेसमध्ये भरलं. जुनी ‘.डम्प’ आज्ञा वापरत असाल तर एक गोष्ट सांभाळा. फायरफॉक्स आपल्या रचनेची आवृत्ती ‘यूजर_व्हर्जन’ या आकड्यात ठेवतो आणि डम्पमधून हा आकडा येत नाही. तो शून्य राहिला तर ब्राउझर त्या फाइलला नवाकोरा डेटाबेस समजून वागतो. मूळ फाइलमधला आकडा वाचून नव्या फाइलवर बसवणं आवश्यक आहे.

वाचवलेल्या डेटाबेसात बुकमार्कांचं झाड तपासलं. मोझ_बुकमार्क्स तक्त्यात सहा मूळ नोंदी असायला हव्यात : रूट, मेनू, टूलबार, टॅग्ज, अनफाइल्ड आणि मोबाइल. सहाही आहेत, पण काही बुकमार्कांची पालक-नोंदच गायब आहे. इतिहासाच्या ओळी बऱ्याच शाबूत आहेत. शेवटच्या भेटीची वेळ पाहताना ध्यानात ठेवायचं की हा आकडा १९७० पासूनच्या मायक्रोसेकंदांत असतो. दहा लाखांनी भागल्याशिवाय तारीख निघत नाही.

निर्णय : पाया २६ जानेवारीच्या स्वच्छ प्लेसेसचा. मधल्या दिवसांचे बुकमार्क १ फेब्रुवारीच्या संचातल्या बुकमार्कबॅकअप्स फोल्डरातून घ्यायचे. मधला इतिहास वाचवलेल्या डेटाबेसातून वेगळ्या यादीत काढून द्यायचा, मुख्य फाइलमध्ये हाताने मिसळायचा नाही. मोझ_प्लेसेस आणि मोझ_हिस्टरीव्हिजिट्स या तक्त्यांचे आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. काही दिवसांच्या इतिहासासाठी चांगला डेटाबेस पणाला लावण्यात अर्थ नाही.

तपासल्याशिवाय बिघडलेली फाइल ब्राउझरला द्यायची नाही, याचंही कारण आहे. फायरफॉक्स अशा फाइलच्या नावाला ‘.करप्ट’ जोडून तिला बाजूला सारतो, नवा डेटाबेस बनवतो आणि बुकमार्क शेवटच्या बॅकअपमधून भरतो. इतिहास सहसा जातो. हे सगळं गुपचूप होतं.

५ फेब्रुवारी

आज फाइलींचे गट पाडले. आमच्या मते या कामाचा गाभा हाच आहे. प्रोफाइल म्हणजे सुट्या फाइलींची रास नव्हे. काही फाइली एकमेकींवाचून निरुपयोगी असतात. वेगवेगळे गट वेगवेगळ्या तारखांचे असले तरी चालतं, पण एका गटातल्या फाइली एकाच तारखेच्या हव्यात.

पासवर्ड : लॉगिन्स.जेसन आणि की४.डीबी. पहिलीत कुलूपबंद नोंदी, दुसरीत किल्ली. की४ न नेता फक्त लॉगिन्स नेली, तर ब्राउझर तक्रार न करता नवी की४ बनवतो आणि पासवर्डांची यादी रिकामी दाखवतो. नोंदी फाइलमध्ये तशाच असतात, फक्त उलगडत नाहीत. अशा वेळी घाईने नवे पासवर्ड साठवू नयेत. ते नव्या किल्लीने बंद होतात, आणि मग एकाच फाइलमध्ये दोन किल्ल्यांच्या नोंदी होऊन बसतात.

प्राथमिक पासवर्ड (साठवलेले सगळे पासवर्ड उघडणारा एकच पासवर्ड) लावलेला असेल तर जुन्या की४ला तेव्हाचाच प्राथमिक पासवर्ड लागतो, नंतर बदललेला चालत नाही. आठवत नाही म्हणून ‘रीसेट’ करू नये, त्यात साठवलेले सगळे लॉगिन पुसले जातात.

पासवर्डांची जोडी १ फेब्रुवारीच्या संचातून घेतली. चालू ब्राउझरमधली प्रत सरसकट टाकाऊ नसते. लॉगिन्स.जेसन, कंटेनर्स.जेसन, प्रेफ्स.जेएस अशा फाइली आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहिल्या जातात आणि मग जुनीच्या जागी ठेवल्या जातात. त्यामुळे त्या कापलेल्या अवस्थेत क्वचितच सापडतात. की४ क्वचितच बदलते. तरी तिचीही तपासणी केली, ओके आली.

एक्स्टेन्शनं : एक्स्टेन्शन्स फोल्डर, एक्स्टेन्शन्स.जेसन, प्रेफ्स.जेएस आणि स्टोरेज फोल्डर, चारही एकत्र. प्रत्येक एक्स्टेन्शनला प्रत्येक प्रोफाइलमध्ये एक स्वतंत्र यूयूआयडी (ओळख क्रमांक) मिळतो. त्याची नोंद प्रेफ्स.जेएसमधल्या ‘एक्स्टेन्शन्स.वेबएक्स्टेन्शन्स.यूयूआयडीज’ या ओळीत असते. एक्स्टेन्शनचा डेटा स्टोरेजमधल्या डिफॉल्टखाली ‘मोझ-एक्स्टेन्शन+++’ आणि पुढे तोच यूयूआयडी अशा नावाच्या फोल्डरात राहतो, शेवटी ‘^यूजरकॉन्टेक्स्टआयडी=४२९४९६७२९५’ असं शेपूट असतं. नवी प्रेफ्स आणि जुनं स्टोरेज अशी सांगड घातली की यूयूआयडी जुळत नाहीत. मग डेटा डिस्कवर असूनही एक्स्टेन्शन नव्याने बसवल्यासारखं कोरं उघडतं. नोट्स, गाळण्यांचे स्वतःचे नियम, टॅबांचे जतन केलेले गट, सगळं याच दुव्यावर टांगलेलं असतं.

स्टोरेजमधल्या फाइलीही एसक्यूलाइटच्याच आहेत, म्हणून चालू प्रतीतल्या घेतल्या नाहीत. अख्खा गट २६ जानेवारीचा.

कुकीज.एसक्यूलाइट आणि कंटेनर्स.जेसन : कंटेनर टॅब (कुकी वेगवेगळ्या ठेवणारे टॅबांचे कप्पे) वापरात असतील तर कुकीवर कंटेनरचा क्रमांक लिहिलेला असतो. क्रमांक कोणत्या कंटेनरचा, हे कंटेनर्स.जेसन सांगते. दोन्ही २६ जानेवारीच्या. जुन्या कुकीवर बरीच संकेतस्थळं पुन्हा लॉगिन मागतील, ते अपेक्षित आहे.

एकट्याने नेता येणाऱ्या : फेव्हिकॉन्स.एसक्यूलाइट, फॉर्महिस्टरी.एसक्यूलाइट, परमिशन्स.एसक्यूलाइट, सर्ट९.डीबी, पर्सडिक्ट.डॅट (शब्दलेखन तपासनीसाला शिकवलेले शब्द), सर्च.जेसन.मोझएलझेड४, आणि क्रोम नावाच्या उपफोल्डरातलं (फायरफॉक्सचंच, क्रोम ब्राउझरचं नव्हे) यूजरक्रोम.सीएसएस.

६ फेब्रुवारी

नवा संगणक. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप (उबुंटूच्या स्वतंत्र पॅकेजचा एक प्रकार) स्वरूपात येतो, त्यामुळे प्रोफाइलं घरच्या फोल्डरातल्या ‘.मोझिला’त नसतात, ‘स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन/.मोझिला/फायरफॉक्स’मध्ये असतात. चुकीच्या जागी ठेवलेलं प्रोफाइल ब्राउझरला दिसत नाही आणि तो निमूट नवं बनवतो.

आवृत्ती आधी जुळवली. प्रोफाइलमधल्या कम्पॅटिबिलिटी.आयएनआयमध्ये शेवटची आवृत्ती नोंदलेली असते. बसवलेला ब्राउझर तिच्यापेक्षा जुना असेल तर ६७ पासूनचे फायरफॉक्स ते प्रोफाइल उघडायला नकार देतात. ‘--अलाउ-डाउनग्रेड’ हा पर्याय आहे, पण वापरू नये. डेटाबेसची रचना पुढे गेलेली असते आणि जुन्या ब्राउझरला ती नीट वाचता येईलच असं नाही. ब्राउझर अद्ययावत करणं हाच सरळ उपाय.

प्रोफाइल्स.आयएनआय हाताने बदलली नाही. ‘अबाउट:प्रोफाइल्स’ पानावरून नवं प्रोफाइल बनवलं, ब्राउझर पूर्ण बंद केला, त्या नव्या फोल्डरातला मजकूर रिकामा केला आणि ठरलेले गट आत टाकले. फोल्डरचं नाव नवंच राहू दिलं. अशाने इन्स्टॉल्स.आयएनआयमधल्या इन्स्टॉलेशनच्या हॅशशी झगडावं लागत नाही.

कॉपी करताना ‘तारांकन’ वापरलं तर टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली सुटतात. स्टोरेजमधल्या प्रत्येक उपफोल्डरात ‘.मेटाडेटा-व्ही२’ असते, तिथे तारांकन वापरलं तर तीच राहून जाते. म्हणून अख्खं फोल्डर आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाच्या ‘-ए’ पर्यायाने नेलं. स्टोरेजमधली नावं लांब असतात आणि त्यांत ‘+’, ‘^’ अशी चिन्हं येतात. काही झिप साधनं अशी नावं बदलतात किंवा वगळतात, म्हणून मूळ आणि प्रत यांतल्या फाइलींची संख्या ताडून पाहिली.

मुद्दाम वगळलेलं : पॅरेंट.लॉक, अ‍ॅडऑनस्टार्टअप.जेसन.एलझेड४ (एक्स्टेन्शनांच्या जुन्या मार्गांचा साठा, पुन्हा बनतो), क्रॅशेस, मिनिडम्प्स, डेटारिपोर्टिंग, आणि पीकेसीएस११.टीएक्सटी. या शेवटच्या फाइलमध्ये विंडोजवरच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग असतो. ती नसली तर नवी बनते, फक्त स्मार्टकार्ड किंवा टोकनचं मॉड्यूल जोडलेलं असेल तर ते पुन्हा जोडावं लागतं. साइन्डइनयूजर.जेसनही वगळली, कारण तपासणी पुरी होण्याआधी सिंक (उपकरणांमधला डेटा खात्यामार्फत जुळवणं) सुरू व्हायला नको.

एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम) डिस्कवरून आलेल्या फाइलींना परवानग्या भलत्याच लागतात. सगळ्यांची मालकी वापरकर्त्याकडे दिली, फोल्डरांना ७०० आणि फाइलींना ६०० अशी परवानगी लावली. फाइल फक्त-वाचनीय राहिली तर ब्राउझर उघडतो, पण सेटिंग टिकत नाही, आणि माणूस कारण भलतीकडेच शोधत बसतो.

प्रेफ्स.जेएस ब्राउझर बंद असतानाच संपादित केली, चालू असेल तर बंद होताना तो ती पुन्हा लिहितो. डाउनलोड फोल्डरच्या ओळी आणि जुन्या प्रिंटरच्या ‘प्रिंट.’ने सुरू होणाऱ्या ओळी काढल्या. यूयूआयडीची ओळ तशीच ठेवली.

७ फेब्रुवारी

जाळं तोडून पहिल्यांदा सुरू केलं. ऑफलाइन असल्याने एक्स्टेन्शनं अद्ययावत होत नाहीत, कुकी कुणाकडे जात नाही, आणि काही चुकलं तर प्रोफाइल पुसून पुन्हा टाकता येतं.

इतिहास २६ जानेवारीपर्यंतचा दिसतो. ‘अबाउट:सपोर्ट’ पानावर प्लेसेस डेटाबेसच्या तपासणीचं बटण आहे, ते चालवलं. दोष नाही. ‘अबाउट:लॉगिन्स’मध्ये प्राथमिक पासवर्ड दिल्यावर सगळ्या नोंदी उघडल्या.

बुकमार्क बॅकअपमधून : बुकमार्कांच्या लायब्ररी खिडकीत आयात-बॅकअप यादीतून ‘रिस्टोअर’ आणि मग फाइल निवडली. या फाइलींच्या नावातच तारीख आणि नोंदींची संख्या असते, त्यामुळे न उघडताही कोणती भरलेली आणि कोणती रोडावलेली ते कळतं. फायरफॉक्स अशा १५ फाइली ठेवतो. रिस्टोअर आधीचे सगळे बुकमार्क काढून त्यांच्या जागी फाइलमधले ठेवतो, भर घालत नाही. इथे नेमकं तेच हवं होतं. इतिहासाला धक्का लागत नाही.

एक्स्टेन्शनं डेटासकट आली, एक सोडून. ते संगणकावरच्या वेगळ्या प्रोग्रामशी बोलतं. त्याची जोडणी विंडोजच्या रजिस्ट्रीत होती, प्रोफाइलमध्ये नव्हतीच. तो प्रोग्राम लिनक्सवर वेगळा बसवावा लागेल. काम उघडं ठेवलं.

८ फेब्रुवारी

टॅब. फायरफॉक्स चालू असताना दर १५ सेकंदांनी बदललेली सत्राची स्थिती रिकव्हरी.जेसनएलझेड४मध्ये लिहितो, आधीची रिकव्हरी.बॅकएलझेड४ म्हणून ठेवतो. त्यामुळे इथे १ फेब्रुवारीचा चालू अवस्थेतला संचच अधिक उपयोगी आहे.

या फाइली साध्या एलझेड४ साधनाने उघडत नाहीत. सुरुवातीला मोझिलाची ८ बाइटची खूण असते, पुढच्या ४ बाइटांत मूळ आकार, आणि त्यानंतर एलझेड४चा नुसता ब्लॉक. पहिल्या ८ बाइट सोडून उरलेलं पायथनच्या एलझेड४ ब्लॉक वाचकाला दिलं की जेसन मिळतं. त्यातून टॅबांचे पत्ते आधी साध्या यादीत काढून ठेवले. पुढच्या पायरीत काही बिनसलं तरी पत्ते हातात राहतात.

मग ब्राउझर बंद असताना ती रिकव्हरी फाइल मुळाशी सेशनस्टोअर.जेसनएलझेड४ या नावाने ठेवली. आधी तिथे असलेली फाइल आणि सेशनस्टोअर-बॅकअप्समधला मजकूर बाहेर हलवला. ब्राउझर सुरू करून ‘मागील सत्र परत आणा’ निवडलं, सगळ्या खिडक्या आल्या. ही पायरी जमली नाही म्हणून ब्राउझर पुन्हा पुन्हा उघडू-मिटू नये. दर वेळी ‘प्रीव्हियस’ची (मागील सत्राची) फाइल बदलते आणि हवं ते सत्र मागे पडून पुसलं जातं.

१० फेब्रुवारी

क्रोमचं प्रोफाइल. इथे गणित वेगळं आहे, आणि फायरफॉक्सवरून अंदाज बांधला तर फसगत होते.

बुकमार्क्स नावाची फाइल साधी जेसन आहे, शेजारी ‘.बॅक’ प्रत. दोन्ही वाचता आल्या. हिस्टरी ही एसक्यूलाइट आहे. वेळ मायक्रोसेकंदांतच, पण १ जानेवारी १६०१ पासून मोजलेला. स्थानिक इतिहास ९० दिवसांचाच असतो, त्यामुळे त्याआधीचं काही नाही म्हणून डेटाबेस बिघडला असं समजू नये.

पासवर्ड ‘लॉगिन डेटा’ फाइलमध्ये आहेत. त्यांची किल्ली ‘लोकल स्टेट’मध्ये असते, आणि ती किल्ली स्वतः विंडोजच्या डीपीएपीआय या कुलूपव्यवस्थेने त्या वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेली असते. फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या संगणकावर ठेवून पासवर्ड येत नाहीत. खात्याचा पासवर्ड माहीत असेल आणि रोमिंगखालचं मायक्रोसॉफ्टचं प्रोटेक्ट फोल्डर बॅकअपमध्ये असेल, तर ती गाठ सोडवायला काही वाव असतो. इथे ते फोल्डर बॅकअपमध्ये घेतलेलंच नाही. शिवाय २०२४ मध्ये १२७ व्या आवृत्तीपासून विंडोजवरच्या कुकी ब्राउझर अ‍ॅपशीच बांधल्या जाऊ लागल्या. या मार्गावर वेळ घालवला नाही. पासवर्ड गूगल खात्यात सिंक झाले असतील तर तिथून येतील, नाहीतर प्रत्येक संकेतस्थळावर नवे करावे लागतील. हे संबंधित व्यक्तीला स्पष्ट शब्दांत कळवलं.

‘सिक्युअर प्रेफरन्सेस’ फाइलही नेली नाही. तिच्यातल्या मूल्यांवर संगणकाशी निगडित स्वाक्षऱ्या असतात. दुसऱ्या संगणकावर त्या जुळत नाहीत आणि क्रोम ती सेटिंगं मूळपदावर आणतो. घेतले ते बुकमार्क आणि इतिहासाची यादी.

११ फेब्रुवारी

जाळं जोडलं. एक्स्टेन्शनं अद्ययावत झाली, यूयूआयडी तेच राहिले, डेटा जागेवर. मधल्या दिवसांत बसवलेलं एक एक्स्टेन्शन नव्याने घातलं.

सिंक शेवटी जोडलं, तेही प्रोफाइलची एक पूर्ण प्रत बाजूला ठेवून. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. दुसऱ्या उपकरणावर पुसलेला बुकमार्क इथेही पुसला जातो, आणि जुन्या प्रोफाइलमधली एखादी कालबाह्य नोंद तिकडे परत उगवू शकते. जोडल्यावर बुकमार्कांची संख्या पुन्हा ताडून पाहिली, जुळली.

पुढच्या बॅकअपची व्यवस्था : रात्रीचं काम आता आधी ब्राउझर चालू आहे का ते तपासतं. बंद असेल तर आरसिंक. चालू असेल तर फाइलवार प्रत घेत नाही, फाइल सिस्टमचा स्नॅपशॉट घेऊन त्यातून प्रत काढतं. स्नॅपशॉटमध्ये मुख्य फाइल आणि वॉल एकाच क्षणाच्या मिळतात, म्हणून त्या एकमेकींशी जुळतात. बाहेरून एसक्यूलाइटची ‘.बॅकअप’ आज्ञा वापरून पाहिली, पण फायरफॉक्स प्लेसेसवर स्वतःचं कुलूप धरून असतो आणि ‘डेटाबेस लॉक आहे’ एवढंच उत्तर येतं. प्रत निघाल्यावर तिच्यातल्या प्लेसेस, कुकीज आणि की४वर तपासणी चालते. ‘ओके’ आलं नाही तर आधीची प्रत पुसली जात नाही.

उघडी कामं : बाहेरच्या प्रोग्रामशी बोलणारं एक्स्टेन्शन. हँडलर्स.जेसन नेलेली नाही, तिच्यात विंडोजवरच्या प्रोग्रामांचे मार्ग आहेत, म्हणून पीडीएफ आणि ईमेलचे दुवे कशात उघडायचे ते एकदा नव्याने ठरवावं लागेल. मधल्या दिवसांच्या इतिहासाची यादी एचटीएमएल स्वरूपात डेस्कटॉपवर ठेवली आहे. हॅश-यादीसह दोन्ही मूळ संच ३१ मार्चपर्यंत फक्त-वाचनीय राहतील.